नाताळ

'नाताळ' पोर्तुगीज 'नाताल'वरून मराठीत आला. मूळ लॅटिन 'नातालिस', म्हणजे जन्माचा. १४९७च्या नाताळात वास्को द गामाची जहाजं आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्यालगत होती, त्यालाही हेच नाव पडलं. सणाचा गाभा मला मात्र 'देहधारण' या शब्दात सापडतो. योहानाच्या शुभवर्तमानात या देहासाठी ग्रीक 'सार्क्स' आहे: सरळ अर्थ मांस. म्हणजे देवाने घेतलेला देह हाडामांसाचा. त्याला भूक लागते, तो थकतो, मित्राच्या थडग्यापाशी रडतो. ४५१ साली खाल्सेदोनच्या धर्मसभेने ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण माणूस असल्याचं ठरवलं. पण बाळंत्यात गुंडाळून गव्हाणीत ठेवलेलं तान्हं मूल मला त्या ठरावाहून जवळचं वाटतं. फादर स्टीफन्सनी ही कथा मराठी ओवीत गायली. त्यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं.