योगासनें घरोघर कशीं आलीं



सकाळीं सतरंजी अंथरावी, भिंतीला पाठ लावून क्षणभर सरळ उभें राहावें, मग सावकाश वांकावें, वळावें आणि शेवटीं शवासनांत स्वस्थ पडून राहावें, हा क्रम आज कितीएक घरांत नित्य चालतो. ही चाल ऋषिमुनींच्या काळापासून चालत आली आहे, असें आपण सहज बोलून जातों. आसनें पुरातन खरींच. परंतु गृहस्थानें आपल्या राहत्या घरीं, शरीराचा बांधा सुधारावा एवढ्याच हेतूनें तीं करावीं, ही गोष्ट शंभर-सव्वाशें वर्षांपलीकडची नाहीं. आणि तिच्या इतिहासाचा बराचसा भाग आपल्याच मुलुखांत घडलेला आहे.

पाठ, मान आणि मस्तक एका रेषेंत ठेवावें, हा उपदेश गीतेच्या सहाव्या अध्यायांत आहे. शके १२१२ मध्यें, म्हणजे इसवी सन १२९० त, ज्ञानेश्वरांनीं तोच प्रसंग मराठींत विस्तारानें वर्णिला, तेव्हां आसनावर बसण्याची रीत सांगतां सांगतां ते कुंडलिनीच्या जागृतीपर्यंत जाऊन पोहोंचले. तेथें ताठ कणा हें मुक्कामाचें ठिकाण नव्हे. तो उंबरठा आहे. पुढें पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्मारामानें हठप्रदीपिका रचिली, तींत पंधरा आसनें आलीं आहेत. त्यांत उभ्यानें करावयाचें एकही आसन नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे. घेरण्डसंहितेंत आसनांची संख्या बत्तीस झाली, आणि एका पायावर उभें राहण्याचें वृक्षासन तींत आलें. तरीही मेजावर वांकून आयुष्य काढणाऱ्या कारकुनाची पाठ ह्या ग्रंथकारांच्या मनांत असण्याचें कारण नव्हतें. त्यांचा साधक एकांतांत राहणारा आणि गुरूच्या आज्ञेंत वागणारा असे. घरसंसार संभाळून करण्याची ही विद्या आहे, असें त्यांनीं मानलें नव्हतें.

ही कोंडी फुटली ती विसाव्या शतकाच्या आरंभीं. नर्मदातीरीं मालसर येथें परमहंस माधवदास म्हणून एक योगी राहत. त्यांचे दोन शिष्य पुढें प्रसिद्धीस आले. एक मणिभाई देसाई, ज्यांना आपण श्रीयोगेंद्र म्हणून ओळखतों. त्यांनीं १९१८ सालच्या डिसेंबरांत, मुंबईजवळ वर्सोवें येथें, दादाभाई नौरोजींच्या निवासस्थानीं योगविद्येची संस्था स्थापन केली. संन्यास न घेतां योग करावयाचा, हा त्यांचा आग्रह होता. स्वतः ते गृहस्थाश्रमी झाले. अवघड आसनें सुलभ करून तीं श्वासाच्या लयीशीं जुळवावीं, ही त्यांची पद्धत. त्यांच्या पत्नी सीतादेवी यांनीं १९३४ सालीं स्त्रियांच्या शारीरिक शिक्षणासाठीं योगावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केलें. माझ्या मतें ह्या पुस्तकाचें महत्त्व आपल्याकडे पुरतें ओळखलें गेलें नाहीं. तालीम आणि आखाडा पुरुषांचा. मठाचें दारही बहुधा स्त्रियांना बंद. घराच्या चार भिंतींत, कोणाची परवानगी न घेतां करतां येईल असा व्यायाम छापील पानावर हातीं यावा, ही त्या काळच्या गृहिणीच्या दृष्टीनें लहान गोष्ट नव्हती.

दुसरे शिष्य जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. जन्म १८८३ चा. १९०३ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली, आणि बडोद्यास माणिकरावांच्या हाताखालीं देशी व्यायामाचें शिक्षण घेतलें. पंडित आणि तालीमबाज असा हा दुर्मिळ संयोग! १९२४ सालीं त्यांनीं लोणावळ्यास कैवल्यधाम उभारलें आणि त्याच वर्षीं ‘योगमीमांसा’ हें त्रैमासिक सुरू केलें. क्ष-किरणांच्या साहाय्यानें त्यांनीं योगक्रियांचीं छायाचित्रें घेतलीं. नौलि करतांना आंतड्यांतील दाब कसा घटतो, तें उपकरणानें मोजलें. त्या मोजमापांनीं योगाचे सगळेच दावे सिद्ध झाले, असें नव्हे. परंतु इंग्रजी शिकलेल्या गृहस्थाच्या मनांतील संकोच त्यांनीं घालविला. जें बैराग्यांचें म्हणून तो दूर ठेवीत होता, तें आपल्या खोलींत करण्यास त्याला लाज वाटेनाशी झाली.

औंधचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांचें कार्यही ह्याच काळांतलें. सूर्यनमस्कार त्यांनीं आपल्या संस्थानच्या शाळांत सक्तीचे केले, आणि १९३८ सालीं लंडनमध्यें त्यांचें इंग्रजी पुस्तक निघालें. त्या वेळीं नमस्कार हा आसनांहून निराळा व्यायाम समजला जाई. आज दोन्ही एकाच शिकवणींत बसतात, इतकेंच येथें सांगतों.

आतां बांध्याच्या प्रश्नाकडे वळूं. पाऊल कसें टेकावें, गुडघा कोठें असावा, खांदे किती मागें घ्यावेत, हा बारकावा मुख्यत्वें ज्यांच्यामुळें जगभर गेला, ते बी. के. एस. अय्यंगार १९३७ सालीं पुण्यास आले. वय अवघें अठरा. म्हैसूरच्या कृष्णम्माचार्यांचे ते शिष्य आणि मेहुणे. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या सांथींत जन्मलेले, लहानपणीं क्षयानें आणि विषमज्वरानें पोखरलेले. डेक्कन जिमखान्यावर शिकवावयास उभे राहिले, तेव्हां मराठी येत नव्हतें, आणि पुष्कळ विद्यार्थी त्यांच्याहून धडधाकट! अशक्त देहाला आसनांत उभें करण्याची युक्ति त्यांनीं प्रथम स्वतःवरच अजमावली. १९५२ सालीं मुंबईस व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांची गांठ पडली आणि परदेशचीं दारें उघडलीं. १९६६ सालीं निघालेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथांत सुमारें सहाशें छायाचित्रें आहेत; प्राचीन ग्रंथांत न सांपडणारीं उभ्यानें करावयाचीं आसनें त्यांत ताडासनापासून आरंभालाच घेतलीं आहेत.

येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ताठ बसलें कीं पाठदुखी गेली, इतकें सरळ समीकरण आजचें वैद्यक मान्य करीत नाहीं. एकाच स्थितींत फार वेळ न राहतां अंग हालतें ठेवणें अधिक मोलाचें, असें त्याचें सांगणें आहे. जुनाट कंबरदुखींत सौम्य योगाभ्यासानें थोडाफार उतार पडतो. चमत्कार घडत नाहीं. मानेचा विकार किंवा रक्तदाब असणाऱ्यानें पुस्तक पाहून शीर्षासन करूं नये.

अय्यंगारांची पुण्यांतील संस्था १९७५ सालीं उघडली. त्यांच्या दिवंगत पत्नी रमामणि यांचें नांव तिला दिलें आहे. २०१४ सालीं ते वारले, आणि त्याच वर्षीं डिसेंबरांत संयुक्त राष्ट्रसंघानें २१ जून हा योगदिन ठरविला. वांकतां न येणाऱ्याला आसन साधावें, म्हणून भिंतीचे दोर, लांकडी ठोकळे, पट्टे, खुर्च्या हें सारें साहित्य त्यांनीं अभ्यासांत आणलें. पुष्कळ वयस्क मंडळी त्याची नक्कल घरच्या घरीं करतात: ठोकळ्याच्या जागीं जाडजूड पंचांग, पट्ट्याच्या जागीं जुनें सुती लुगडें, आणि तोल संभाळावयाला स्वयंपाकघराचा ओटा.