गंगाधरपंत साखरखेर्ड्याला उतरले असते तर...

इच्छा नसताना दुसऱ्या काळात फेकल्या गेलेल्या माणसाची गोष्ट म्हटली की मराठी वाचकाला जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' आठवते. कथा लहान, पण तिने विचारलेला प्रश्न कादंबरीच्या ऐवजाचा आहे. ट्रकची धडक बसते आणि इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अशा जगात पोहोचतात, जिथे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठे जिंकले होते. काटेकोरपणे पाहता हा भूतकाळातला प्रवास नव्हे. वर्तमानाच्याच दुसऱ्या फाट्यावरचा आहे.

तिथे पंत काय करतात? ग्रंथालय गाठतात आणि दोन इतिहास कुठे वेगळे झाले ते पुस्तकात शोधतात. आपल्या इतिहासात विश्वासरावांचा प्राण घेणारी गोळी तिथे त्यांच्या कानाजवळून निसटलेली असते. परतताना पंतांच्या खिशात एक फाटके पान उरते.

ऑक्टाव्हिया बटलर यांच्या 'किंड्रेड' (१९७९) या कादंबरीतील डेना ही कृष्णवर्णीय तरुणीही अशीच ओढली जाते, पण गुलामगिरीच्या काळातील मेरीलँडमध्ये. तिथून शेवटचे परतताना ती आपला हात गमावते. पंत इतिहास वाचतात, डेना तो भोगते. एकाच्या हाती पुरावा कागदाचा, दुसरीच्या अंगावर देहाचा. मराठी ऐतिहासिक कल्पनेची मर्यादा या तुलनेत दिसते: पानिपत आपल्याला हुकलेला विजय म्हणून जितके सलते, तितके उपाशी माणसांची छावणी म्हणून सलत नाही.

एका गोळीवर साम्राज्य तोलणे भाबडे आहे, असा आक्षेप या कथेवर घेता येतो. तुटलेली रसद, दुरावलेले सूरजमल जाट, अलिप्त राहिलेले राजपूत ही कारणे गोळीने पुसली जात नाहीत. परंतु कथेत ज्याचा आधार घेतला आहे, तो आपत्ती-सिद्धान्त इतकेच सांगतो की, व्यवस्था कड्यावर आलेली असेल तरच लहानसा धक्का तिला लोटतो. फौजेला कड्यावर आणले उपासमारीने. गोळी हा शेवटचा धक्का. कथा धक्का दाखवते, कड्यापर्यंतची वाट मात्र वाचकावर सोडते.

ती वाट आपल्या बुलढाणा जिल्ह्यातही शोधता येते. सिंदखेडराजा तालुक्यातील साखरखेर्ड्याजवळ ऑक्टोबर १७२४ मध्ये निजाम-उल-मुल्क आणि हैदराबादचा सुभेदार मुबारिझखान यांची लढाई झाली. मुबारिझखान मारला गेला, निजामाची दख्खनवरील सत्ता पक्की झाली. त्या वेळी निजामाला साहाय्य होते बाजीरावाचे. आणि १७२८ मध्ये पालखेडला निजामाला कोंडीत पकडणाराही बाजीरावच. वऱ्हाड १८५३ मध्ये इंग्रजांच्या कारभाराखाली गेले, ते निजामाशी झालेल्या तहानेच. हैदराबाद संस्थान टिकले १९४८ पर्यंत.

साखरखेर्ड्याला निकाल उलटा लागला असता तर? उत्तर कोणापाशी नाही. पण प्रश्नाची जात पानिपतापेक्षा वेगळी आहे. तिथे मराठ्यांच्या वाट्याला चुकलेली गोळी नव्हे, विचारपूर्वक घेतलेली बाजू आली होती. गोळीला जबाब विचारता येत नाही, निर्णयाला विचारता येतो. 'जर-तर'चा इतिहास वर्गात शिकवायचा तो यासाठी: हळहळ वाढवण्यासाठी नव्हे, निवड कोणाची होती आणि तिची किंमत कोणी मोजली, हे पाहण्यासाठी.