इंदूरचे खत, इंदूरचा कचरा आणि शासन

कचऱ्याची व्यवस्था ही शासनाची जबाबदारी आहे, याबद्दल आज दुमत नाही. परंतु ती शासनाने नेमकी कोणत्या टप्प्यावर स्वीकारली, हे पाहण्यासाठी इंदूरचा इतिहास उपयोगी पडतो. २०१७ च्या स्वच्छ सर्वेक्षणात पहिला क्रमांक मिळाल्यापासून हे शहर गाजू लागले. खताच्या संदर्भात मात्र त्याचे नाव त्याआधी कित्येक दशके परदेशात पोहोचले होते.

१९२४ मध्ये येथे इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री ही संशोधन संस्था सुरू झाली. होळकर दरबाराने जमीन दिली. मध्य भारतातील संस्थाने आणि कापूस समिती यांनी पैसा पुरविला. संचालक अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी येथे काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती व राख यांचे थर देऊन, ढीग तीनदा उलथून, सुमारे ९० दिवसांत खत करण्याची पद्धत बसविली. १९३१ च्या त्यांच्या ग्रंथावर दोघांची नावे आहेत. तरीही ‘इंदूर पद्धत’ म्हटले की हॉवर्डच आठवतात. वाड यांचे नाव मराठी वाचकांनाही सहसा ठाऊक नसते!

या पद्धतीची अट साधी होती. कुजणारे व न कुजणारे एकत्र होता कामा नये. शेतात हे सोपे, शहरात अवघड. त्यासाठी कायदा लागतो, आणि तो फार उशिरा आला. १९९६ मध्ये अल्मित्रा पटेल यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली, त्यानंतर २००० मध्ये नागरी घनकचऱ्याचे नियम झाले. प्रक्रिया केंद्रांसाठी ३१ डिसेंबर २००३ ही मुदत होती; बहुतेक शहरांनी ती पाळली नाही. कचरा घरातच ओला, सुका व घातक असा तीन प्रकारे वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या नियमांनी घातले. इंदूरने ते नेटाने अमलात आणले, म्हणूनच २०२२ मध्ये तेथे रोज ५५० टन ओल्या कचऱ्यापासून वायू बनविणारा प्रकल्प उभा राहू शकला.

मधल्या काळात रद्दी, पत्रा, बाटल्या कारखान्यापर्यंत कोण पोहोचवीत होते? कबाडी आणि कचरावेचक. त्यांत आपल्या समाजातील कुटुंबेही आहेत. २०१६ च्या नियमांनी त्यांना व्यवस्थेत सामावून घेण्याचे काम स्थानिक संस्थांवर सोपविले; पण कचरा दारातूनच पालिकेच्या गाडीत गेला, की वेचणाऱ्याच्या पोत्यात काय पडणार, हे प्रत्येक शहराच्या ठेकेदारीच्या करारावर ठरते. असे करार मिळवून वाचण्याचे काम आपल्या महाविद्यालयांतील इतिहास व अर्थशास्त्र विभागांना सहज करता येईल.