बोरघाटाचा ठेका कुणाला द्यावा?

बोरघाटातून रेल्वे चढवायची तर विल्यम फेव्हिएलपेक्षा लायक ठेकेदार शोधूनही मिळाला नसता. मुंबई–ठाणे लोहमार्गाचं काम त्याने हेन्री फाउलरच्या भागीत घेतलं होतं. फाउलर आजारी पडून मध्येच बाजूला झाला, तरी 16 एप्रिल 1853 ला गाडी सुटलीच. त्या काळी ठेकेदाराला परवाना लागत नसे, नोंदणीही नव्हती. नाव, पूर्वीचं काम आणि पैशाचं पाठबळ एवढं पाहिलं जाई. फेव्हिएल तिन्हींत बसत होता. 1856 च्या जानेवारीत घाटात सुरुंग उडू लागले.

सुमारे 16 मैलांत 1,831 फूट चढायचं होतं आणि 25 बोगदे खोदायचे होते. पाय ठेवायला जागा नसे तिथे माणूस कमरेला दोर बांधून कड्यावरून खाली सोडला जाई. त्याने लोंबकळत पहारीने भोक पाडायचं, दारू ठासायची, वात पेटवायची आणि वरच्यांनी ओढेपर्यंत जीव मुठीत धरायचा. ओढणाऱ्यांचं लक्ष असेल तर ठीक!

कड्यापर्यंत सगळं जमलं. घोडं अडलं पगारापाशी. मुख्य ठेकेदाराखाली पोटठेकेदार, त्यांच्याखाली मुकादम, आणि मजुरी या सगळ्यांच्या हातांतून झिरपत खाली यायची. आधी थकायची, मग कापली जायची. 1859 च्या जानेवारीत मजूर उठले. दंग्यात एक युरोपीय मारला गेला. मार्चमध्ये फेव्हिएलने ठेका सोडला.

नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी मुंबईत उतरला आणि पुरते तीन आठवडेही जगला नाही. आता ठेका होता त्याची विधवा अ‍ॅलिस हिच्याकडे. आजच्या कुठल्याही छाननी समितीने तिचा अर्ज पहिल्याच पानावर बाद केला असता. पण तिने अ‍ॅडमसन आणि क्लाउझर या घाट माहीत असलेल्या अभियंत्यांच्या हाती कारभार दिला. पटकीने माणसं पटापट मरत होती, तरी 1861 मध्ये कामावरची संख्या 42,000 वर गेली. 21 एप्रिल 1863 रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते मार्ग खुला झाला. हा विजय निर्भेळ मात्र नव्हता. 1867 च्या जुलैत घाटातला मऊ-की-मल्लीचा दगडी पूल कोसळला, आणि बांधकामाच्या दर्जावर बोट ठेवलं गेलं.

मजुरांच्या असंतोषाने सरकारलाही हलवलं. 1860 च्या मालक-कामगार तंटे कायद्याने रेल्वे, कालवे अशा कामांवरच्या मजुरीचे वाद मॅजिस्ट्रेटने झटपट निकाली काढावेत असं ठरलं. काम अर्धवट टाकणाऱ्या मजुराला शिक्षा होतीच; सरकार काही एकट्या मजुराच्या बाजूने उभं राहिलं नव्हतं.

ठेकेदाराची पात्रता कागदावर यायला पुढे पुष्कळ काळ गेला. सार्वजनिक बांधकाम खात्याची नोंदणी वर्गवार झाली: बँकेचा ऐपत दाखला, केलेल्या कामांची प्रमाणपत्रं, यंत्रसामग्रीची यादी. यातलं बहुतेक फेव्हिएलनेही दिलं असतं. मजुरांकडे पाहिलं ते कंत्राटी कामगारांच्या 1970 च्या कायद्याने. 20 किंवा त्याहून अधिक कामगार लावणाऱ्या ठेकेदाराला परवाना सक्तीचा झाला. पगारवाटप मूळ मालकाच्या प्रतिनिधीसमोर करायचं, आणि ठेकेदाराने पैसे बुडवले तर ते मूळ मालकाने भरून नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचे, असं त्याच्या कलम 21 मध्ये लिहिलं गेलं.