लिंबची बारा मोटांची विहीर आणि विरूबाई

साताऱ्याच्या उत्तरेस, लिंब गावानजीक असलेली ‘बारा मोटांची विहीर’ मराठा स्थापत्याचा उत्कृष्ट नमुना म्हणून सर्वश्रुत आहे. छत्रपती शाहूंच्या कारकिर्दीतील वास्तू, एवढाच तिचा परिचय सामान्यतः दिला जातो. कालदृष्ट्या तो यथार्थ असला, तरी कर्तृत्वाच्या दृष्टीने अपुरा होय. विहिरीवरील शिलालेखात शके १६४१ ते १६४६ (इ. स. १७१९–१७२४) हा बांधकामाचा काळ असून ती बांधविणारी म्हणून विरूबाईंचे नाव आहे.

विरूबाई या शाहूंच्या विधिवत विवाहित राणी नव्हत्या. सकवारबाई व सगुणाबाई यांना लाभलेले राणीपद त्यांच्याकडे नव्हते. तथापि इ. स. १७४० मध्ये निधन होईपर्यंत राजवाड्याच्या खाजगी कारभारात त्यांचा शब्द प्रमाण मानला जाई. अक्कलकोट घराण्याचे मूळ पुरुष फत्तेसिंह भोसले यांचा प्रतिपाळही त्यांनीच पुत्रवत केला.

विहीर अष्टकोनी असून जिन्याच्या मार्गासह तिची आखणी शिवलिंगासारखी दिसते. खोली सुमारे ११० फूट व व्यास सुमारे ५० फूट आहे. आतील दालन व शरभशिल्पे यांकडे अभ्यासकांचे लक्ष प्रथम जाते. परंतु वास्तूचा मूळ हेतू तिच्या नावातच आहे. एकाच वेळी बारा मोटा चालवावयाच्या, तर किमान बारा बैलजोड्या, तितकेच मोटकरी, चामड्याच्या मोटांची नित्य दुरुस्ती आणि थारोळ्यांतून निघणाऱ्या पाटांची निगा, एवढा सरंजाम अवश्य होता. परिसरातील विस्तीर्ण आमराईसाठी हे पाणी होते, अशी परंपरा आहे. अर्थात पाणपोईसारखे हे केवळ पुण्यकृत्य नव्हते; ती शेतीच्या उत्पन्नासाठी केलेली, दीर्घकाळ फळ देणारी गुंतवणूक होती.

याच कृष्णाकाठी सांगलीचे गणपती मंदिर चिंतामणराव पटवर्धनांच्या नावासह सांगितले जाते. लिंबच्या विहिरीस मात्र मोटांच्या संख्येवरून नाव पडले, आणि बांधविणारीचे नाव मागे राहिले. येथे पुरावा नष्ट झालेला नाही. तो दगडावर आहे. राजाच्या कारकिर्दीत झालेले कार्य राजाचेच, ही लेखनाची सवय त्याच्या आड आली आहे. राणीपदाची मुद्रा नसलेल्या स्त्रीचा द्रव्यावर, भूमीवर व पाण्यावर किती अधिकार चालत असे, याचा विचार या लेखापासून आरंभ होणे इष्ट आहे.