कंसातली दोन अक्षरे : जर्मनीतील फाखहोखशूले आणि संगणकशास्त्राचे शिक्षण

जर्मनीत संगणकशास्त्र शिकायला निघालेल्या पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यांच्या घरी एक प्रश्न हटकून निघतो. प्रवेश टेक्निकल युनिव्हर्सिटीत घ्यावा, की ‘युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस’मध्ये? मग कुणीतरी जाणता नातेवाईक आवाज खाली आणून सांगतो, “ती काही खरी युनिव्हर्सिटी नव्हे.”

या ‘खऱ्या’पणाचा इतिहास आजच्या थ्रेडमध्ये पाहू. त्यात घड्याळे आहेत, विद्यार्थ्यांचा बहिष्कार आहे आणि पदवीच्या शेपटाला चिकटलेला एक कंसही आहे.

आधी नावाचा उलगडा करू. ‘युनिव्हर्सिटी ऑफ अप्लाइड सायन्सेस’ हे अधिकृत इंग्रजी नाव १९९८ मध्ये ठरले, आणि तेही परदेशी लोकांना कळावे म्हणून. मूळ जर्मन शब्द फाखहोखशूले. ‘फाख’ म्हणजे विशिष्ट विषय किंवा व्यवसाय आणि ‘होखशूले’ म्हणजे उच्च शिक्षणाची संस्था. अलीकडे बहुतेक संस्थांनी नावातले ‘फाख’ गाळून नुसते ‘होखशूले’ ठेवले आहे. ते का गाळावेसे वाटले, हे ओघाने येईलच.

या संस्थांची मुळे एकोणिसाव्या शतकातील व्यवसायशाळांत आहेत. दक्षिण जर्मनीतील ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात फुर्टवांगेन नावाचे गाव आहे. या परिसरातील कुटुंबे पिढ्यानपिढ्या लाकडी घड्याळे बनवीत असत. शतकाच्या मध्याला कारखान्यात बनलेली स्वस्त अमेरिकन घड्याळे बाजारात आली आणि घरगुती धंदा डळमळू लागला. म्हणून बाडेन संस्थानाने १८५० मध्ये फुर्टवांगेनला घड्याळजींची शाळा काढली. रोबेर्ट गेर्विग हा तिशीतला अभियंता तिचा पहिला संचालक झाला.

गेर्विग मोठा उद्योगी माणूस. त्याने त्याच वर्षी घड्याळाच्या नव्या आराखड्यांसाठी जाहीर आवाहन केले. त्यातून वास्तुविशारद फ्रीडरिख आइझेनलोर याचा रेल्वे-रखवालदाराच्या घरासारखा आराखडा पुढे आला. भिंतीवरच्या कुकू घड्याळाचा उतरत्या छपराचा आकार आज जगभर दिसतो, तो तिथूनच आला. गेर्विगने जमवायला घेतलेल्या जुन्या घड्याळांचे पुढे राष्ट्रीय संग्रहालय झाले आणि त्याने स्वतः ब्लॅक फॉरेस्टमधून जाणारा प्रसिद्ध लोहमार्ग आखला. शाळा मात्र १८६३ मध्ये बंद पडली आणि १८७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. या शाळेकडे आपल्याला परत यायचे आहे.

अशा कित्येक शाळांतून विसाव्या शतकात अभियंता-शाळा घडल्या. दहा वर्षांचे शालेय शिक्षण आणि प्रत्यक्ष कामाचा अनुभव एवढ्यावर तिथे प्रवेश मिळे. विद्यापीठासाठी लागणारी ‘आबिटूर’ ही परीक्षा आवश्यक नसे. त्यामुळे कामगारांच्या आणि कारागिरांच्या मुलांना अभियंता होण्याचा हाच राजरस्ता होता. जर्मन कारखान्यांतले बहुसंख्य अभियंते इथूनच येत, पण कायद्याच्या लेखी या संस्था उच्च शिक्षणात मोडत नसत. यंत्र चालवणारा माणूस त्यांचा आणि प्रतिष्ठा विद्यापीठाची, अशी ही वाटणी होती.

साठच्या दशकात ही वाटणी टिकेना. १९६४ मध्ये गेओर्ग पिश्ट यांनी ‘जर्मन शिक्षणाचा सर्वनाश’ अशा आशयाच्या शीर्षकाची लेखमाला लिहून देशाला जागे केले. पुरेशी शिकलेली माणसे नसतील तर अर्थव्यवस्था कोसळेल, असा त्यांचा इशारा होता. त्यात युरोपीय आर्थिक समुदायाने अभियंत्यांच्या पदव्यांना परस्पर मान्यता देण्याचा विषय काढला. इतर देशांत उच्च शिक्षणाआधी बारा वर्षांचे शालेय शिक्षण लागे, जर्मन अभियंता-शाळांत दहाच. या हिशेबाने आपण युरोपात अभियंता न ठरता नुसते तंत्रज्ञ ठरू, अशी धास्ती विद्यार्थ्यांना वाटली, आणि ती निराधार नव्हती.

१९६८ म्हटले की आपल्याला पॅरिस आणि बर्लिनचे विद्यार्थी आठवतात, व्हिएतनामवरचे मोर्चे आठवतात. त्याच वर्षी पश्चिम जर्मनीच्या अभियंता-शाळांतील मुलांनी वर्गांवर बहिष्कार टाकला, याची आठवण फार थोड्यांना असते. त्यांना क्रांती नको होती. आपल्या शिक्षणाला उच्च शिक्षण म्हणा, एवढेच त्यांचे मागणे होते. मला हा बहिष्कार त्या वर्षातील सर्वांत यशस्वी विद्यार्थी-आंदोलनांपैकी एक वाटतो, कारण ३१ ऑक्टोबर १९६८ रोजी सर्व राज्यांच्या मुख्यमंत्र्यांनी करार करून फाखहोखशूले हा नवा संस्थाप्रकार मान्य केला. १९६९ पासून पुढच्या दोन-तीन वर्षांत अभियंता-शाळांचे रूपांतर झाले. फुर्टवांगेनची जुनी घड्याळ-शाळा १९७१ मध्ये फाखहोखशूले झाली.

आता त्याच ऑक्टोबरातील दुसरी घटना पाहा. ७ ते ११ ऑक्टोबर १९६८ या दिवसांत आल्प्सच्या पायथ्याशी गार्मिश येथे नाटोच्या विज्ञान समितीने एक परिषद भरवली. म्युनिकचे गणिती फ्रीडरिख बाउअर तिचे अध्यक्ष होते. सुमारे पन्नास तज्ज्ञ जमले आणि ‘सॉफ्टवेअरचे संकट’ या शब्दांत त्यांनी काळाचे निदान केले. यंत्रे झपाट्याने मोठी होत होती, पण त्यांच्यावर चालणारे भरवशाचे प्रोग्रॅम वेळेत आणि ठरल्या खर्चात लिहून होत नव्हते. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हा शब्द या परिषदेमुळे रूढ झाला.

एकाच महिन्यात, एकाच देशात, एका टेबलाशी हा विषय अभियांत्रिकीसारखा शिकवला पाहिजे अशी हाक उठते आणि दुसऱ्या टेबलाशी अभियांत्रिकी शिकवणाऱ्या शाळांना उच्च शिक्षणाचा दर्जा मिळतो. या दोन टेबलांचा एकमेकांशी संबंध नव्हता. तो जोडण्याचे काम पुढच्या दशकावर पडले.

जर्मनीत या विषयाला ‘इन्फोर्माटिक’ म्हणतात. हा शब्द कार्ल श्टाइनबुख यांनी १९५७ मध्ये छापील स्वरूपात वापरला, तेव्हा ते प्राध्यापक नव्हते, एका विद्युत-उपकरणांच्या कंपनीत अभियंता होते. त्याच सुमारास त्या कंपनीने क्वेले या टपालाने माल विकणाऱ्या पेढीसाठी मागण्यांची नोंद ठेवणारी यंत्रणा उभारली आणि तिला ‘इन्फोर्माटिक’ हेच नाव दिले. म्हणजे शब्द जन्मला तो कपडे आणि भांडी विकणाऱ्या पेढीच्या कामातून. १९६८ मध्ये संशोधनमंत्री गेर्हार्ड श्टोल्टेनबेर्ग यांनी तो जाहीर भाषणात उच्चारला आणि सरकारी मान्यता मिळताच तो विद्यापीठीय झाला. संगणक-संशोधनाचा मोठा सरकारी निधी विद्यापीठांकडे वळला. तिथे या विषयाला गणिताचे शिस्तबद्ध रूप आले, आणि ते आवश्यकही होते.

फाखहोखशूलेंनी वेगळी वाट धरली. फुर्टवांगेन हे संगणकशिक्षण अगदी आरंभी सुरू करणाऱ्या गावांपैकी एक. दातेरी चक्रांच्या शाळेत आता छिद्रित कार्डे आली. १९७२ मध्ये हायडेलबेर्ग विद्यापीठ आणि हाइलब्रोनची फाखहोखशूले यांनी मिळून वैद्यकीय संगणकशास्त्राचा अभ्यासक्रम सुरू केला. जर्मनीतील सर्वांत जुन्या विद्यापीठाला रुग्णालयांच्या नोंदी यंत्रावर आणण्यासाठी एका नवजात संस्थेचा हात धरावा लागला, यातच बरेच काही आले.

या संस्थांची घडण पाहण्यासारखी आहे. इथल्या प्राध्यापकाला डॉक्टरेट तर लागतेच, शिवाय सर्वसाधारणपणे पाच वर्षांचा व्यावसायिक अनुभव लागतो, आणि त्यातली किमान तीन वर्षे विद्यापीठाबाहेरची असावी लागतात. विद्यार्थ्याला एक सत्र कंपनीत काढावे लागते. वर्ग लहान असतात. शिकवणारा माणूस स्वतः कधीतरी रात्रभर बिघडलेला प्रोग्रॅम दुरुस्त करीत बसलेला असतो, त्यामुळे त्याच्या शिकवण्यात चुकांचा अनुभव असतो.

मग तो कंस कुठून आला? ‘वेगळ्या, पण समतुल्य’ हे या संस्थांविषयीचे सरकारी सूत्र होते. पहिला शब्द काटेकोर पाळला गेला, दुसरा सोयीने. पदवी आधी ‘इंजिनिअर’ आणि कंसात ‘ग्राड’ अशी होती. ऐंशीच्या दशकात ती ‘डिप्लोम’ झाली, पण मागे कंसात ‘एफ.एच.’ ही दोन अक्षरे लिहिणे बंधनकारक राहिले. सरकारी नोकरीत या कंसाची किंमत पगारात मोजली जाई. विद्यापीठाचा पदवीधर सर्वोच्च सेवाश्रेणीत प्रवेश करी, कंसवाला तिच्या खालच्या श्रेणीत. दोघे एकाच खोलीत एकाच यंत्रावर काम करीत असले तरीही.

डॉक्टरेट देण्याचा अधिकारही विद्यापीठांनी स्वतःकडेच ठेवला. फाखहोखशूलेत पुरेसे संशोधन होत नाही, हे त्याचे कारण सांगितले जाई. तिथल्या प्राध्यापकाला आठवड्याला साधारण अठरा तास शिकवावे लागे, विद्यापीठातील प्राध्यापकाला सुमारे आठ-नऊ. हातपाय बांधून नदीत सोडायचे आणि पोहता येत नाही म्हणून नाव ठेवायचे, असा हा न्याय होता.

कंस अखेर गेला, पण कुणाच्या आंदोलनाने नव्हे. १९९९ च्या बोलोन्या जाहीरनाम्यानंतर युरोपभर बॅचलर आणि मास्टर या समान पदव्या आल्या, आणि त्यांच्या मागे संस्थेचा प्रकार लिहिण्याची रीत उरली नाही. १९६८ मध्ये युरोपच्या ज्या एकत्रीकरणाची विद्यार्थ्यांना धास्ती वाटली होती, त्याच प्रवाहातल्या पुढच्या लाटेने त्यांच्या वारसांच्या पदवीवरचा डाग पुसला.

डॉक्टरेटची भिंत मात्र आणखी टिकली. २०१६ मध्ये हेसेन राज्याने फुल्डा येथील संस्थेला सामाजिक शास्त्रांत स्वतंत्रपणे डॉक्टरेट देण्याचा अधिकार दिला, आणि जर्मनीत अशा प्रकारच्या संस्थेला तो प्रथमच मिळाला. त्यानंतर त्याच राज्यात अनेक संस्थांनी एकत्र येऊन डॉक्टरेटसाठी सामाईक केंद्रे उभारली. त्यातल्या एका केंद्राचा विषय होता उपयोजित संगणकशास्त्र.