राणीच्या पदकावरचे अडगाव आणि गाविलगड

१/ व्हिक्टोरिया राणीची मुद्रा असलेल्या एका चांदीच्या लष्करी पदकाच्या पट्ट्यांवर वऱ्हाडातली दोन ठिकाणे कोरलेली आहेत : अडगाव (इंग्रजी कागदांतले ‘अरगाम’) आणि गाविलगड. गंमत अशी, की त्या लढाया झाल्या तेव्हा राणीचा जन्मही झाला नव्हता!

२/ २९ नोव्हेंबर १८०३. आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावाजवळ आर्थर वेलस्ली आणि नागपूरकर भोसल्यांची सेना समोरासमोर आली. भोसल्यांचे नेतृत्व रघूजींचे बंधू व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांच्याकडे होते. भोसल्यांचा पराभव झाला.

३/ १५ डिसेंबरला चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता धारातीर्थी पडले. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला.

४/ या युद्धांचे पदक इंग्रजांनी दिले ते १८५१ साली, म्हणजे तब्बल ४८ वर्षांनी! तेही हयात असलेल्यांनाच. हिंदी शिपायांनाही ते मिळण्याची सोय होती. पण अर्ध्या शतकानंतर उरले होते किती?

५/ आता लंडनला चला. १८ मे १८५५. क्रिमियाचे युद्ध अजून चालूच होते. हॉर्स गार्ड्सच्या मैदानावर राणीने जखमी सैनिकांना स्वहस्ते पदके दिली. सचित्र साप्ताहिकांनी आणि शिळाछाप चित्रांनी तो प्रसंग घरोघरी पोहोचवला; लोकांनी ती चित्रे आठवण म्हणून जपली.

६/ त्या पदकांवर सैनिकांची नावे नव्हती. नाव कोरण्यासाठी पदक परत द्यायला अनेक जण तयार होईनात; राणीच्या हातचेच पदक पुन्हा मिळेल याची खात्री काय?

७/ दोन्ही पदके शेजारी ठेवून पाहा. क्रिमियाच्या पदकाला राणीचा हात लाभला, नाव नव्हते. अडगावच्या पदकावर शिपायाचे नाव होते, राणीचा हात नव्हता.

८/ छापील चित्रांनी राजसत्तेची माया दाखवली. तिला लागलेला विलंब दाखवला नाही. आणि बेनीसिंगांसारख्यांना तर त्या चौकटीत जागाच नव्हती.

९/ म्हणून गाविलगडावर जाल तेव्हा भग्न तटाशी क्षणभर थांबा. जिंकणाऱ्यांची आठवण चांदीत उरली. हरलेल्यांची आठवण आपण सांगू तेवढीच.